पाकिटाची मागची बाजू

अभिमन पेंटरनं आयुष्यात जेवढी अक्षरं काढली, तेवढी दोंडाईच्यातल्या कुठल्या मास्तरानंही फळ्यावर काढली नसतील. फरक एवढाच की मास्तराचं अक्षर बोटाएवढं आणि अभिमनचं माणसाएवढं. त्याचा नुसता 'ध' साडेतीन फुटांचा. शिरपूरपासून शहाद्यापर्यंत ज्या भिंतीकडे एसटीच्या खिडकीतून नजर जाते, ती भिंत आपली, असं तो धरूनच चालायचा. आधी चुन्याचा हात, मग निळा रंग, त्यावर पांढरी अक्षरं आणि कोपऱ्यात उगवता सूर्य: 'धवला पावडर. डाग गेला, मान राहिला.'

असं बत्तीस वर्षं चाललं.

काम धुळ्याच्या एका एजन्सीकडून यायचं. एजन्सीच्या वर कोण, हे अभिमनला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही कधी वाटलं नाही. वर धवला होती, एवढं पुरे होतं. गावात एखाद्या बाईच्या पिशवीत दुसऱ्या पावडरचं पाकीट दिसलं की तो रस्त्यात अडवायचा. "काय वो अक्का, कपडे धुवायचेत का फाडायचेत?" बाई लाजून पाकीट पदराखाली घ्यायची आणि घरी जाऊन त्याच पावडरनं धुणं धुवायची. पण अभिमनला वाटायचं, एक घर वाचवलं.

दुसरी पावडर म्हणजे झणकार. पिवळं पाकीट, लाल अक्षरं. या रंगांचा त्याला इतका तिटकारा की घरात पिवळी चादर चालायची नाही. झेंडूला तेवढी देवासाठी म्हणून सूट होती.

आता झणकार काही त्याच्या वाईटावर नव्हती. वाईटावर होता झुलाल.

झुलाल आणि अभिमन एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. एका डब्यात भाकरी खाल्ली, एका शिडीवर उभे राहिले. पुढं अभिमनला धवला मिळाली, झुलालला झणकार. अभिमनकडे धुळ्याची बाजू, झुलालकडे चाळीसगावपासून अमळनेरपर्यंतची. सगळं इतकं गोडीगुलाबीनं चाललं होतं की अभिमननं आपली धाकटी बहीण सुमन झुलालला दिली. लग्नाच्या मांडवात कमानीवर 'शुभविवाह' दोघांनी मिळून रंगवलं. एकानं निळ्यात, एकानं लालात. वऱ्हाडी म्हणाले, नवरानवरीपेक्षा पेंटरच जास्त नटलेत.

मग पारोळ्याच्या अलीकडे, दोघांच्या हद्दीवर, ती कापसाच्या जिनिंगची भिंत आली.

साठ फूट लांब, हायवेला तोंड, मध्ये ना झाड ना खांब. पेंटरच्या जातीला असली भिंत स्वप्नात येते. जिनिंगचे मालक रतिलालशेठ. रीतीप्रमाणे अभिमननं त्यांच्या घराच्या दर्शनी बाजूला चुना लावून दिला, शेठाणींना पावडरचा खोका दिला आणि भिंत मिळवली. चैत्राच्या उन्हात चार दिवस खपून त्यानं धवला काढली. सूर्यालाच पूर्ण एक दिवस दिला. रंग सुकल्यावर, आठव्या दिवशी, एजन्सीला पाठवायचा फोटो काढायला, तारखेचा पुरावा म्हणून त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात घेऊन तो तिथं पोचला, तर भिंत पिवळी. आणि शिडीवर झुलाल, झणकारच्या 'झ'ला शेपूट काढत.

पेंटर लोकांत एक नियम असतो. कागदावर कुठंच नाही, पण सगळे पाळतात: दुसऱ्याची भिंत एक दिवाळी उलटल्याशिवाय पुसायची नाही. झुलालनं आठवडासुद्धा उलटू दिला नव्हता.

"ऑर्डर आली रे," झुलाल शिडीवरूनच म्हणाला. "हीच भिंत पाहिजे म्हणे. मी म्हटलं माझ्या मेहुण्याची आहे. ते म्हणे, मग तर सोपंच."

त्या दिवशी हायवेवर दोन एसट्या थांबल्या होत्या असं सांगतात. एका मेहुण्यानं शिडी हलवली, दुसऱ्यानं वरून लाल रंगाचा डबा सोडला. लाल रंगानं न्हालेल्या अभिमनला पाहून एका म्हातारीनं एसटीतून बोंब ठोकली. कंडक्टरनं घंटी मारली. आणि अभिमन भर रस्त्यात बोलून बसला, "तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. आणि तुझ्या घरची माणसं माझ्या उंबऱ्यात नकोत!"

आता तुझ्या घरची माणसं म्हणजे कोण, हे त्याला घरी गेल्यावर बायकोनं समजावलं. पण बोलून झालं होतं.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. झोके बांधतात, आमरस होतो, सासरचं सगळं गाऱ्हाणं झोक्यावर बसून गाण्यात गाऊन घेतात. सुमनबाई एकोणीस आखाज्या आली नाही. कारण तिला आणायला कोणी गेलं नाही. भाची हेमांगी तेव्हा चार वर्षांची होती. तिचे कान अभिमनच्या मांडीवर टोचले होते. तिच्या पाठच्या भावाचं जावळ मात्र सुमनच्या यावलच्या चुलतभावाच्या, किरणच्या मांडीवर निघालं. मामाचं जे जे काम निघालं ते पुढं किरणनंच केलं; तिकडं जातो म्हणून अभिमननं त्याच्याशीही बोलणं सोडलं.

मधल्या काळात हायवे चौपदरी झाला. जिनिंगची भिंत त्यात गेली. भिंत पडली, भांडण मात्र प्लास्टर करून उभं राहिलं.

या वर्षी हेमांगीचं लग्न ठरलं. आखाजीनंतरचा मुहूर्त. पत्रिका आली ती पोस्टानं, कारण हातानं द्यायला उंबरा मोकळा नव्हता. कोकिळाबाईनं, म्हणजे अभिमनच्या बायकोनं, ती त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"भाचीनं लगीन शे," ती म्हणाली. "मामा नही जाई ते कोन जाई?"

"भिंत कोनी पुसी?"

"ती भिंत ते पडी गयी."

"पडू दे. पुसी कोनी, ते सांग."

काहीतरी बोलायला कोकिळाबाईनं तोंड उघडलं, मग त्यात भाकरीचा तुकडा घातला. अभिमनला वाटलं, निरुत्तर केलं.

त्याच आठवड्यात एजन्सीच्या हितेंद्रचा फोन आला. हितेंद्र धुळ्याचा, टाय लावणारा पण पान खाणारा. "अभिमननाना, सत्कार आहे तुमचा. जळगावला, एसी हॉलमध्ये. कंपनीच्या मॅडम मुंबईहून येताहेत. भिंती रंगवायचं काम आता बंद होतंय ना, पुढं सगळं मोबाइलवर. तर जुन्या पेंटरांना शाल-नारळ."

काम बंद होतंय हे अभिमनला सत्काराच्या आमंत्रणातून कळलं. नोकरीवरून काढताना हार घालायची ही पद्धत त्याला नवीन होती. पण शाल म्हटल्यावर त्यानं जुना निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

जळगावच्या हॉलात इतकं गार होतं की बाहेरचं बेचाळीस डिग्रीचं ऊन थापा वाटावं. पंधरा-वीस पेंटर खुर्च्यांवर अंग चोरून बसले होते. अभिमन पहिल्या रांगेत. त्यानं सहज नजर टाकली तर रांगेच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्या केसांचा, ओळखीच्या नाकाचा माणूस. झुलाल. आणि मागं, बायकांच्या खुर्च्यांत, डोक्यावर पदर घेतलेली सुमन.

याला इथं कोणी बोलावलं? अभिमननं हितेंद्रला खूण केली. हितेंद्र जवळ आला.

"तो झणकारवाला इथं कसा?"

"सगळेच आहेत ना नाना," हितेंद्र पान एका गालात सारत म्हणाला आणि माइक नीट करायला पळाला.

मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. वयानं हेमांगीएवढ्या, पण आवाज असा ठाम की ऐकणाऱ्यानं आपोआप पाय जुळवावेत. त्यांच्या मागं पडद्यावर एक झाड उगवलं. बुंध्यावर लिहिलेलं: केल्व्हर्न इंडिया लिमिटेड. फांद्यांना फळं लागावीत तशी पाकिटं लागली होती. धवला. तिच्या शेजारच्याच फांदीला झणकार. वर गुलबास साबण. पलीकडे मोतीदाणा पेस्ट, न्याहारी चहा, राखण डासांची कॉइल.

अभिमननं आधी झाडाचं चित्र पाहिलं. पानं कच्ची होती, सावली चुकीच्या बाजूला पडली होती. मग त्यानं फळं वाचली. मग परत वाचली.

"हा आपला परिवार," मॅडम म्हणाल्या. "भारतातल्या दहापैकी सात घरांत आपलं काही ना काही असतंच. लोकांना वाटतं धवला आणि झणकार एकमेकींच्या वैरिणी आहेत. वाटू द्या. गिऱ्हाईक एकीवर रुसलं तर दुसरीकडे जातं, म्हणजे आपल्याच घरात राहतं!"

मागं कोणीतरी हसलं. अभिमनच्या कानात शिट्टी वाजायला लागली.

"आणि खान्देशची एक गोष्ट तर आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगतात," मॅडम रंगात आल्या. "पारोळ्याजवळ एक मोठी भिंत होती. धवलाच्या टीमनं ती निवडली. त्याच आठवड्यात झणकारच्या टीमनंही निवडली. दोन टीम, एकाच मजल्यावर, शेजारशेजारची टेबलं! एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. आणि इकडे दोन पेंटर त्या भिंतीसाठी अक्षरशः रंगात न्हाले! याला म्हणतात ब्रँडवरची निष्ठा. ते दोघे आज इथं आहेत. जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. अभिमननंही वाजवल्या. हात आपोआप वाजत होते, ते कोणासाठी हे हातांना माहीत नव्हतं. त्याला स्टेजवर कोणी नेलं, शाल कोणी घातली, यातलं काही त्याला नंतर आठवलं नाही. एवढंच आठवलं की फोटोवाल्यानं, "दोघं जवळ या, अजून जवळ, हसा," म्हटलं आणि एकोणीस वर्षांनी झुलालचा खांदा त्याच्या खांद्याला लागला.

खाली उतरल्यावर प्रत्येकाच्या हातात एक पिशवी दिली. आत सगळ्या फळांचा एकेक नमुना. मंडळी जेवणाकडे वळली. अभिमन मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला, मांडीवर नारळ आणि त्यावर धवलाचं पाकीट. बत्तीस वर्षांत त्यानं हे पाकीट डोळे मिटून काढता येईल इतकं पाहिलं होतं, पण फक्त पुढून. एजन्सीकडून येणारा नमुनाही पुढच्याच बाजूचा असायचा; भिंतीला मागची बाजू लागते कशाला? आज त्यानं ते पहिल्यांदा उलटं केलं.

मागं मुंगीएवढी अक्षरं. त्यानं खिशातून चष्मा काढला. वाचलं. मग झणकारचं पाकीट उलटं केलं. तेच नाव. तोच पत्ता. तोच तक्रारीचा फोन नंबर. साबण उलटा केला, पेस्ट उलटी केली. गुलबास साबण त्यानं अकरा वर्षांपूर्वी सोडला होता, कारण झुलालनं त्या साबणाची एक भिंत रंगवली होती. मोतीदाणा आणि न्याहारीच्या भिंती मात्र स्वतः रंगवल्या म्हणून ती घरात भरून ठेवली होती, की आपण आपलंच घेतो.

शेजारची खुर्ची करकरली. झुलाल बसला. त्याच्याही हातात दोन पाकिटं होती, लांब धरलेली, मग जवळ, मग परत लांब.

मग झुलाल म्हणाला, "चष्मा दे."

अभिमननं डोळ्यांवरचा चष्मा काढून दिला. झुलालनं लावला. ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं, शाळेतल्या पोरासारखं.

"बठ्ठं एकच शे का रे?"

"एकच शे."

"पत्ताही?"

"पत्ताही."

झुलालनं चष्मा उतरवला आणि पाकिटाकडे असं पाहिलं, जणू त्यानंच शिडी हलवली होती. "शेजारची टेबलं," तो म्हणाला. "अरे, एकानं मान वळवली असती..."

"तू मला भेटून बोलायचं होतंस."

"तू शिडी हलवली नसतीस तर खाली उतरून बोलणारच होतो."

"तू डबा टाकलास."

"तो पडला! शिडी हलल्यावर डबा पडतो, त्याला कोणी ऑर्डर देत नाही!"

आवाज चढले तशी सुमनबाई ताट घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. ताटात भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. तिचे केसही पिकले होते. अभिमनच्या डोळ्यांसमोर जी होती ती तीस वर्षांची होती. एवढ्या जवळून ही तीच, हे पटायला त्याला क्षणभर वेळ लागला.

"जेवून घ्या," ती म्हणाली, दोघांनाही.

"सुमन, तुले मालूम शे का," अभिमन पाकिटं तिच्यापुढं नाचवत म्हणाला, "या दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत!"

"हो."

"हो म्हणजे?"

"भाऊ, माले अकरा वरीसपासून मालूम शे."

अभिमनचा हात हवेतच राहिला. झुलालनं बायकोकडे मान वळवली, ती वळवतानाच अडकली.

"एकदा पावडरमुळे हाताला खाज सुटली," सुमनबाई सांगू लागली, जशी काही भाजीची कृती सांगतेय. "मागं फोन नंबर असतो ना, तिथं लावला. पोरगी म्हणाली, झणकार सोसत नसेल तर आमचीच धवला घ्या. तेव्हा कळलं. आणि दोन्ही भिजवून पाहिल्यावर कुणालाही कळतं. फेस तोच, वास तोच. हिच्यात निळे दाणे, तिच्यात लाल. तुमच्या अंगावरचे रंगाचे डाग दोघींनीही निघत नाहीत."

"मग आम्हाला सांगायचं नाही?"

"कोणाला सांगू? याला सांगितलं असतं तर हा दुसऱ्याच दिवशी काम सोडून बसला असता." तिनं नवऱ्याकडे हनुवटी केली. "आणि तुला सांगायला तुझ्या उंबऱ्यात यावं लागलं असतं."

अभिमननं खाली पाहिलं. मग एकदम आठवून म्हणाला, "कोकिळेला तरी कळवायचं. ती बोलली असती मला."

सुमनबाईनं ताट खाली ठेवलं. "वहिनीला मीच सांगितलं. आम्ही बोलतो ना फोनवर, दर आखाजीला. ती म्हणाली, सांगून उपयोग नाही. कंपनी एक असली म्हणून काय झालं, भिंत माझी होती, असं म्हणतील."

आता यावर अभिमन रागावणार होता. तोंड उघडलंही. पण उघडलेल्या तोंडात जे वाक्य तयार होतं ते नेमकं तेच होतं: कंपनी एक असली म्हणून काय झालं. त्यानं ते गिळलं. झाडाचं चित्र पाहून बसला नव्हता एवढा धक्का त्याला या वाक्यानं बसला. कंपनीनं फसवलं असं म्हणून जरा हलकं व्हावं, तर तेवढीही जागा बायकांनी ठेवली नव्हती. कंपनीनं भिंत दोनदा विकत घेतली होती. एकोणीस आखाज्या त्यानं स्वतःच्या हातानं पुसल्या होत्या.

कधी नव्हे ते त्यानं काही न बोलता जेवण केलं. झुलालच्या ताटातलं मिरचीचं लोणचं अर्धं उचललं, झुलालनं उचलू दिलं. पाणी सुमननं आणलं. ते त्यानं प्यायलं. हॉलमधलं पाणी कोणाच्या घरचं, हा प्रश्न त्याला सुचला आणि त्यानं तो कोणाला विचारला नाही.

मग तो म्हणाला, "लग्नात मामाला फेटा कोणत्या रंगाचा ठेवलाय?"

सुमनबाई आणि झुलालनं एकमेकांकडे पाहिलं.

"केशरी," झुलाल म्हणाला. "पण तो किरणच्या नावाचा आहे."

"किरणच्या?"

"मग कोणाच्या?" सुमनबाई म्हणाली. "नवरीला मांडवात आणायला मामा लागतो, भाऊ. पत्रिकेवर तुझं नाव घातलं, पण मांडवात नाव चालत नाही, माणूस लागतं. किरणनं कपडे शिवलेत. दोन महिन्यांपासून हेमांगीला चिडवतोय, की तुला मांडवात ओढत नेईन. आता त्याला मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

जागा रिकामी असेल, आपण गेलो की भरेल, असंच अभिमन इतकी वर्षं धरून चालला होता. कोणी तिथं उभं असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तू नको म्हणूस," तो अखेर म्हणाला. "मी विचारतो. त्याचा नंबर दे."

हॉलच्या पायऱ्यांवर ऊन भाजत होतं. अभिमन शाल खांद्यावर तशीच ठेवून बाहेर आला. मागोमाग ते दोघं. त्यानं नंबर लावला. पलीकडे केळीच्या बागेतल्या पाण्याचा आवाज आला.

"कोन?"

"अभिमन बोलतोय."

"कोन अभिमन?" मग एकदम आवाज बदलला. "नाना? अभिमननाना? काय झालं? कोणी गेलं का?"

एकोणीस वर्षांनी फोन आला तर माणसाला दुसरं काय वाटणार?

"कोणी गेलं नाही रे. सगळे आहेत. मी जळगावात आहे, सुमन आहे, झुलाल आहे." तो थांबला. "किरण, हेमांगीच्या लग्नात मामा म्हणून उभं राहावं असं मनात आहे. तुझी हरकत नसेल तर. म्हणून विचारायला फोन केला."

पलीकडे नुसतं पाणी वाहत राहिलं.

"नाना," किरण म्हणाला, "पोराच्या जावळाला मी बसलो. हेमांगीला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यात आठ दिवस मी होतो. दहावीचे पेढे मी वाटले. तुम्हाला मी कधी नावं ठेवली नाहीत, पोरांना विचारा. पण माझी जागा सोडा असं तुम्ही आज म्हणता?"

"सोड म्हणत नाही. विचारतोय."

"विचारताय?"

"विचारतोय."

पाणी बंद झालं. कोणीतरी मोटार बंद केली असावी. सुमनबाईनं पदराचं टोक दातांत धरलं होतं.

"हळदीच्या आदल्या दिवशी या," किरण म्हणाला. "पाहुण्यासारखं लग्नाच्या दिवशी यायचं नाही. मांडव घालायला हात लावावा लागेल. नवरीला दोघं मिळून आणू. मी उजवीकडे. तुम्ही डावीकडे."

"बरं," अभिमन म्हणाला.

फोन बंद झाला तरी तो कानालाच धरून उभा होता. झुलालला राहवेना.

"काय म्हणे?"

"डावी बाजू दिली," अभिमन म्हणाला, आणि पायरीवर उन्हातच खाली बसला.